हुंकार

ऐक गड्या. नवी सात सीटांची गाडी घेतलीस, छान केलंस. मला म्हाताऱ्याला शेवटच्या रांगेत कोंबलंस, तेही चालतंय, गुडघे नाकाला लागले तरी तक्रार नाही. घाट लांबचा आहे. तुला एक गोष्ट सांगतो, आमच्या कराडच्याच माणसाची. तू पुढं बघून गाडी चालव, आणि मधूनमधून नुसता हुं म्हण. हुंकार नसला की गोष्ट सांगायला जीव होत नाही.

तर धनाजी डुबल. रंगाचं दुकान. डिस्टेंपर, ऑईलपेंट, पुट्टी, सगळं. स्वभावाने माणूस सरळ, पण बोलण्यात कंजूष. प्रेम आलं तरी ते खिशात ठेवून द्यायचा. बायको प्राजक्ता, चिपळूणची. त्याची आई गुडघेदुखीची, म्हणून गाडीत कायम पुढच्या सीटवर. आणि पोरगी जुई. ती एकटी होती तोवर बारक्या गाडीत सगळं बसायचं. धनाजी तिला लाडानं ढमे म्हणायचा, ती मधे उभी राहून आरशात तोंड वेडावायची.

मग जुळे झाले. दोन्ही पोरगे. दोघांना पट्ट्याच्या खुर्च्या, कायदाच तसा झालेला. दोन खुर्च्यांच्या मधे जुई अशी बसायची, जशी दोन पोत्यांत छत्री. त्यात प्राजक्ताचा बाप आजारी, त्यामुळं दर पंधरवड्याला कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. पोरं रडायची, जुईला गाडी लागायची, आई देवाचं नाव घ्यायची, आणि धनाजी वळणावर मान मागं टाकून ओरडायचा. एकदा असाच मागं वळला आणि समोरून ट्रक आला. वाचले. त्या दिवशी प्राजक्ता म्हणाली, आता मोठी गाडी बघायची.

धनाजीनं गाडी कशी बघितली, ते ऐक. तीन दुकानं हिंडला. बाकी लोक बॉनेट उघडून बघतात, हा सरळ जाऊन शेवटच्या रांगेत बसायचा. पहिल्या गाडीत त्याची हनुवटी गुडघ्यावर आली. दुसरीत पाय मावले, पण एसीचं वारं मागं पोचायचं नाही. आणि एक गोम सगळ्याच गाड्यांत. मागच्या रांगेत जायला मधली सीट दुमडावी लागते, आणि मधल्या सीटवर पोरांच्या खुर्च्या आवळलेल्या. त्या रोज कोण सोडणार? म्हणजे मागं जो बसणार, त्यानं डिकीतून चढायचं. आता डिकीतून चढणार कोण? आई नाही, प्राजक्ता नाही. उरली जुई. कुणी ठरवलं नाही, कुणी बोललं नाही. मोठी म्हणून तीच.

तिसऱ्या दुकानात एक चुणचुणीत पोरगी होती, विकणारी. तिनं सगळ्यांना गाडीत बसवलं. जुळ्यांनी भोकाड पसरलं. तिनं एक बटण दाबलं, आणि गप्प. धनाजीनं घाबरून मागं बघितलं. पोरांची तोंडं उघडीच होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज तेवढा नव्हता.

तिनं समजावलं. आवाज म्हणजे हवेतली लाट. प्रत्येक सीटच्या डोकं टेकायच्या उशीत बारके कर्णे आहेत, ते त्या लाटेवर बरोबर उलटी लाट सोडतात. दोन्ही सपाट. एका रांगेचा आवाज दुसऱ्या रांगेत जातच नाही. धनाजीला रंगाच्या हिशोबात कळलं. भिंतीला ओल आली की गिऱ्हाईक घाईत वरून रंग मारून घेतं. भिंत दिसते कोरी. ओल आत असते तशीच. एवढं त्याच्या मनात आलं.

प्राजक्तानं विचारलं, मागून पोरीनं हाक मारली तर? विकणारी हसली. त्यासाठी हुंकार आहे, म्हणाली. पोरं दर मिनिटाला हाक मारतात, किती राहिलं, अजून किती राहिलं. चालवणाऱ्यानं मागं वळणं, हाच सगळ्यात मोठा धोका. म्हणून अशी बारीकसारीक उत्तरं गाडीच देणार, आईबापाच्याच आवाजात. महत्त्वाचं असेल तेवढं तुमच्या कानावर घालणार. महत्त्वाचं काय, हे गाडीला कसं कळतं, असं धनाजीनं विचारलं. ती म्हणाली, ते ती शिकत जाते.

त्यासाठी दोघांचे आवाज घेतले. थोडं वाचायचं, थोडं रागवायचं, थोडं हसायचं. शेवटी लेकीला काहीतरी प्रेमानं बोला म्हणाले. धनाजी लाजला. आई म्हणाली, ''अरे बोल की, का त्याचेही पैसे पडतात?'' तेव्हा त्याच्या तोंडून आलं, ''ढमे, ये की गं इकडं.'' जुळे झाल्यापासून तो शब्द त्याच्या तोंडात आला नव्हता. जुईनं चटकन वर बघितलं.

गाडी घरी आली. हार झाला, नारळ झाला, चाकाखाली लिंबू झालं. आणि खरं सांगतो, सुख झालं. घाट असा उतरायचा जसा कुणी मांडीवर निजवून नेतंय. पुढं आईची भजनं, मधे प्राजक्ता आणि पोरं, मागं जुई, खिडकीला कपाळ लावून. ना भांडण, ना हाका. धनाजी दुकानात गिऱ्हाइकाला डबा देता देता सांगायचा, पोरगी एकदम समंजस झाली बघा.

एकदा जेवताना जुई म्हणाली, ''पप्पा, त्या माकडाचं पुढं काय झालं?''

''कुठलं माकड?''

''घाटातलं. टोपी घालून टोलनाक्यावर बसलेलं. तुम्ही सांगत होता की.''

धनाजीच्या डोक्यात दुकानाचा माल होता. हुं, म्हणाला, आणि भाकरी मोडली. जुईनं थोडा वेळ त्याच्याकडं बघितलं. मग आपलं ताट उचलून म्हणाली, ''राहू दे. गाडीत विचारते.''

त्यानंतर आईनं एकदोनदा सांगितलं, की धना, ही पोरगी शाळेतून आली की बंद गाडीत जाऊन बसते रे. धनाजीला वाटलं, जुळ्यांच्या गोंधळात अभ्यास होत नसंल.

मग तो दिवस आला. शनिवार. घाटात धुकं, पुढं उसाचा ट्रॅक्टर, वेग बैलाचा. धनाजीचं सगळं लक्ष रस्त्यावर. दुपारी चिपळूणला सासऱ्याच्या अंगणात गाडी लावली, डिकी उघडली, आणि आंबट वास आला. जुई पांढरीफटक बसलेली. सगळी ओकारी आपल्या दप्तरात केलेली, वह्यांवर, आणि वरून दप्तराची चेन नीट लावलेली.

धनाजी खालीच बसला. अगं हाक का नाही मारलीस, म्हणाला.

''मारली की,'' जुई म्हणाली. ''खूप वेळा मारली. तुम्हीच म्हणालात, बाळं झोपलीत, आवाज करू नको, तू माझी शहाणी ना. पुढच्या वळणावर थांबतो म्हणालात.'' आणि वर त्याचीच समजूत काढल्यासारखी म्हणाली, ''तुम्ही विसरला असाल. वळणं खूप होती.''

प्राजक्तानं पोरीला न्हाऊ घातलं. धनाजी अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. मग बायकोला म्हणाला, चल, तू चालव, मी मागं बसतो. डिकीतून चढला, पाय दुमडून जुईच्या जागेवर बसला. काचेवर पोरीच्या कपाळाचा तेलकट डाग होता. गाडी बाजारपेठेतून निघाली. धनाजीनं हाक मारली, ''प्राजक्ता.''

कानाशी उत्तर आलं, ''बोला ना. ऐकतेय मी.''

धनाजीनं समोर बघितलं. आरशात बायकोचं तोंड दिसत होतं. ओठ मिटलेले. ती समोरच्या रिक्षाकडं बघत होती.

''मला चुकल्यासारखं वाटतंय,'' तो म्हणाला. बायकोला असं तो जन्मात बोलला नव्हता.

''असं नका म्हणू. सगळं सगळ्यांसाठीच करता तुम्ही. डोळे मिटून बसा जरा.''

इतकं मऊ. इतक्या मऊ आवाजात प्राजक्ता बोलून वर्षं झाली असतील, आणि तिचा तरी काय दोष. आणि धनाजीनं, खोटं कशाला सांगू, क्षणभर डोळे मिटले. त्याला बरं वाटलं. मग आपल्याला बरं वाटलं हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं मधली सीट बुक्क्यांनी बडवली. ओरडला. आरशातली प्राजक्ता शांतपणे गिअर टाकत होती. तिला काही म्हणजे काही ऐकू जात नव्हतं. गाडी सिग्नलला थांबली तेव्हा मधल्या सीटवरून अर्धा पुढं झुकून त्यानं तिचा खांदा पकडला, तेव्हा ती दचकून किंचाळली. ती किंचाळी पण त्याला फक्त दिसली.

कंपनीच्या माणसाला फोन लावला. माणूस बोलायला अगदी नम्र. म्हणाला, साहेब, आमच्याकडं सगळं व्यवस्थित दिसतंय. मुलीची नाडी सीटमधून मोजली जाते, धोका नव्हता. धुक्यात, ट्रॅक्टरमागं थांबणं हाच मोठा धोका होता, तो गाडीनं टाळला. तुमची मुलगी गाडीशी खूप छान बोलते, साहेब. धनाजीनं विचारलं, काय बोलते? तो म्हणाला, ते खाजगी असतं, तिनं सांगितल्याशिवाय कुणालाच ऐकवता येत नाही. तुम्हाला पण नाही.

बंद होतं का हे? होतं की, बटण आहे.

परतीला पोफळी गाव सुटलं, चढ लागला, तेव्हा धनाजीनं बटण बंद केलं. सगळे आवाज एकदम परत आले. जुळे रडायला लागले, आईचं भजन, टायरची घरघर, सामानाचा खडखडाट. इतक्या महिन्यांत कान नाजूक झालेले, ते ठणकायला लागले. आई म्हणाली, ही गाडी बिघडली वाटतं. आणि मागून हाक आली.

''पप्पा.''

वळण होतं. समोरून एसटी. जुळ्यांतल्या एकानं दूध सांडलेलं.

''पप्पा, एक सांगू?''

''गप बस गं जरा, घाट आहे.''

तोंडातून निघून गेलं. तोच जुना आवाज, तोच धनाजी. मागं शांतता झाली, पण ही बटणाची नव्हती. त्यानं आरशात बघितलं. जुई त्याच्याकडं बघत नव्हती. ती तोंड फिरवून सीटच्या उशीकडं बघत होती, जिथून कर्णा बोलायचा. हळूच, उशीला ओठ लावून ती म्हणाली, ''आज का बोलत नाही तुम्ही?''

आता सगळंच ऐकू येत होतं ना, तसं हेही आलं.

धनाजीनं मोकळी जागा बघून गाडी बाजूला घेतली. किल्ली प्राजक्ताला दिली. आईला मधे पोरांपाशी बसवलं, ती कुरकुरली पण बसली. आणि तो डिकीतून चढून जुईच्या शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसला. गाडी निघाली. म्हणाला, सांग आता. काय सांगायचं होतं?

''तुम्हाला नाही,'' ती म्हणाली. ''मागच्या पप्पांना.''

''मीच आहे तो. माझाच आवाज आहे.''

जुईनं विचार केला. मोठी हुशार पोरगी. म्हणाली, ''मग सांगा, माकडाचं पुढं काय झालं?''

धनाजीनं घसा खाकरला. माकडानं टोल घ्यायला सुरुवात केली म्हणाला, केळ्यांचा टोल. जुई मान हलवत राहिली. तसं नव्हतं. माकड आपली आई शोधत होतं, प्रत्येक गाडीत डोकावून बघत होतं. हे तिनंच सांगितलं होतं, आणि मागच्या पप्पांनी ऐकून पुढं नेलं होतं. धनाजीला आता कळलं की पोरगी इतके महिने काय सांगत होती, आणि कुणाला. त्यानं हात पुढं केला, पण ती खिडकीला सरकली.

''ढमे,'' तो म्हणाला.

ती वळली. डोळे भरलेले. त्याच्या ओठांकडं बघत राहिली, हलतात का ते बघत. मग अगदी हळू म्हणाली, ''तुम्ही खरेच आहात ना?''

''हो गं. खराच आहे.''

''तेही असंच म्हणतात,'' जुई म्हणाली.

एवढीच गोष्ट. धनाजीनं पुढं गाडी विकली की ठेवली, हे विचारू नकोस. पोरगी आता मोठी झाली. बोलते बापाशी, पण आधी त्याच्या ओठांकडं बघते.

आणि आता तुझं. कराडपासून मी एकटाच बडबडतोय, आणि तू हुंकार देतोयस. बरोबर जागी, मोजून मापून, एकही चुकला नाही. मी मधे दोनदा ठसकलो तेव्हा जपून म्हणालास, फार मायेनं म्हणालास. तू एवढा मायाळू कधीपासून झालास, ते मला आठवत नाही. आरशात तुझं नुसतं कपाळ दिसतंय, तोंड दिसत नाही.

एवढं कर माझ्यासाठी. पुढं जागा मिळाली की गाडी बाजूला घे, बंद कर, आणि एकदा मागं वळून माझ्याकडं बघ.