पात्र रिकामं

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामाची आहे. ऐकीव नाही. शेवटचा भाग तर मी माझ्या कानांनी ऐकलाय, आणि तो खोटा ठरावा म्हणून पुष्कळ खटपट केलीय.

ठरला नाही.

भुतं म्हणे रात्री बाराला येतात. हे दुपारचं आहे. लख्ख ऊन. चार वाजून दहा मिनिटं.

मामा जलविद्युत केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये होता. वर धरण, पायथ्याशी केंद्र, पुढे नदी. मशीन बंद असलं की नदी म्हणजे नुसते दगड आणि त्यातून वाहणारं गुडघाभर पाणी. दोन्ही मशीनं चालू झाली की सुटलेलं पाणी पंधरा मिनिटांत तीन किलोमीटर खाली पोचतं, आणि तिथली पातळी चाळीस सेंटिमीटरवरून दोन मीटर चाळीसवर जाते.

तिथे काठावर एक खोली होती. पट्टीघर. समोर पात्रात जुन्या पुलाचा एकच खांब उरलेला, त्यावर रंगवलेली मापपट्टी. ती वाचायला होते पट्टीकाका. दर तासाला बत्तीस पायऱ्या उतरायचे, दगडांवरून खांबापर्यंत जायचे आणि आकडा घेऊन यायचे; चाळीस सेंटिमीटर असेल तर 'शून्य चाळीस'. ऑफिसने दुर्बीण दिली होती, ती खिळ्याला लटकत असे. दुर्बिणीतून दिसतो तो अंदाज, जवळ जाऊन वाचतो तो आकडा, असं त्यांचं म्हणणं. गुडघा कामातून गेलेला. उतरायला सात मिनिटं, चढायला सात.

नियम साधा होता. आधी भोंगा. मग पट्टीघराला फोन. पट्टीकाका पात्रावर नजर टाकून सांगणार, "पात्र रिकामं." मगच मशीन.

फोन कशाला? कारण पट्टीघराजवळ एक बंधारा आहे. त्याच्या आवाजात पायऱ्यांच्या तळाशी भोंगा ऐकूच येत नाही.

मामाला हे माहीत होतं.

त्या दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी लोड सेंटरहून, कुठल्या केंद्राने कधी वीज द्यायची ते ठरवणाऱ्या ऑफिसातून, फोन आला. कुठलंतरी दुसरं केंद्र बंद पडलं होतं, वीज ताबडतोब हवी होती. त्या वर्षी मामाला दोनदा उशीर झाला होता. तिसऱ्यांदा झाला तर खुर्ची जाणार, हे साहेबांनी तोंडावर सांगितलेलं.

मामाने भोंगा वाजवला. पट्टीघराला फोन लावला.

घंटा वाजत राहिली… वाजत राहिली…

कोणी उचलला नाही.

चारची पातळी वाचायला म्हातारा खाली उतरलाय, हे मामाला कळत होतं. त्याने मनात हिशेब मांडला. चौदाव्या मिनिटाला तो वर येणार. पाणी तिथे पोचणार साडेचारला. भरपूर वेळ आहे.

त्याने नोंदवहीत लिहिलं, '४.१२. पट्टीघराशी बोलणं झालं. पात्र रिकामं.'

आणि मशीन सुरू केलं.

गुडघा आखडला, की पाय दगडांत अडकला, ते कधीच कळलं नाही. पट्टीकाका वर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांची एक चप्पल सापडली. बाकी काहीच नाही.

चौकशी अर्ध्या दिवसात आटपली. नोंदवहीत स्पष्टच होतं. म्हाताऱ्याने स्वतःच पात्र रिकामं असल्याचं सांगितलं आणि स्वतःच खाली उतरला. कोणाचा दोष? त्याचाच. कॅन्टीनमध्ये तर विनोदच झाला. कोणी चष्मा डोक्यावर ठेवून शोधायला लागला की बाकीचे विचारायचे, "काय रे, पट्टीकाका झालास का?"

मामाही हसायचा. न हसून सांगतो कोणाला?

महिन्याभराने पट्टीकाकांची बायको मामाच्या घरी आली. सगळे तिला काकू म्हणायचे. ती काही मागायला आली नव्हती. मामीने दिलेला चहा तिने खाली ठेवला आणि मामाला विचारलं, "साहेब, त्यांचं शेवटचं बोलणं तुमच्याशी झालं ना? आवाज कसा होता हो?"

मामाने चहाचा घोट घेतला.

"नेहमीसारखाच," तो म्हणाला. "जरा खुशीत होते."

काकू रडली आणि हसलीही. मग ती दर महिन्याला येऊ लागली. तेवढंच ऐकायला. मामा दर वेळी थोडं वाढवून सांगायचा. ठसका लागला होता. म्हणाले, आज ऊन फार आहे. मामी दारात उभी राहून ऐकायची.

पुढे पट्टीघर बंद झालं. खांबाला यंत्र बसलं, पायऱ्यांवर कॅमेरा. पट्टीघराच्या फोनची तार कापून टाकली. त्या तारेवरचा कंट्रोल रूममधला काळा फोन मात्र टेबलावरच राहिला, कारण तो हलवायच्या कागदावर कोण सही करणार, हे ठरत नव्हतं.

आणि एक दिवस चार वाजून दहा मिनिटांनी…

तो वाजला.

शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने मान वर केली नाही. त्याला ऐकूच आलं नव्हतं. मामाने फोन उचलला. आधी नुसता पाण्याचा आवाज. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करत…

"शून्य चाळीस. पात्र रिकामं नाही."

मामाने टेबलाखाली वाकून पाहिलं. तारेचं टोक भिंतीजवळ लोंबत होतं. त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

"शून्य चाळीस. पात्र रिकामं नाही."

अकरा दिवस.

अकराव्या रात्री मामाने मामीला सगळं सांगितलं. मामी शाळेत विज्ञान शिकवायची. भुताबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. तिने एवढंच विचारलं, "तुम्ही त्यांच्याशी बोलला होता का?"

मामाने मान खाली घातली.

"म्हणजे नाही. मग ती ओळ खोडा. त्या बाईला दर महिन्याला काय पाजताय तुम्ही?"

"खोडली तर मी तुरुंगात जाईन."

 मामी म्हणाली, "पण त्यांना भोंगा तरी ऐकू आला असेल ना?"

"यायलाच हवा," मामा म्हणाला.

पुन्हा खोटं. आणि हे खोटं त्याला सगळ्यात महागात पडलं. कारण मामी कुठलीही गोष्ट करून बघितल्याशिवाय मानायची नाही.

रोज बरोबर चार वाजता भोंग्याची चाचणी होते. मशीन एरवी सहाच्या आधी चालू होत नाही. बाराव्या दिवशी मामी पट्टीघराकडे गेली. सोबत काकू होती. काकूला वर उभं करून मामी म्हणाली, "भोंगा खाली ऐकू येतो का, एवढं बघून येते."

ती खांबापर्यंत गेली आणि कान देऊन उभी राहिली.

चार वाजले. भोंगा झाला. वर काकूला ऐकू आला.

खाली मामी वाटच बघत होती.

चार वाजून दहा मिनिटांनी लोड सेंटरहून मामाला फोन आला. पुन्हा कुठलंतरी केंद्र बंद पडलं होतं. पुन्हा ताबडतोब. मामाने भोंगा वाजवला, कॅमेऱ्यात पाहिलं. पायऱ्या मोकळ्या. कॅमेऱ्यात पायऱ्याच दिसतात, खांब दिसत नाही.

तेवढ्यात काळा फोन वाजला.

मामाने उचलला.

आधी ठसका… मग तोच आवाज. नेहमीसारखाच. जरा खुशीत.

"आज ऊन फार आहे. पात्र रिकामं."

मामाला वाटलं, सुटलो. म्हाताऱ्याने माफ केलं. त्याचे डोळे भरून आले. ओल्या डोळ्यांनीच त्याने नोंदवहीत लिहिलं, '४.१२. पट्टीघराशी बोलणं झालं. पात्र रिकामं.'

या वेळी ते खरं होतं.

काकू वरून घसा फुटेपर्यंत ओरडली. दुसरा भोंगाही तिनेच ऐकला होता, पण पाणी दिसेपर्यंत तिला तीही चाचणीच वाटली. मामीची पाठ तिच्याकडे होती. एकदा मामीने घड्याळात पाहिलं. मग बंधाऱ्याच्या आवाजापलीकडचं काही ऐकू येतंय का, म्हणून मान जरा तिरकी केली. तशीच उभी होती, असं काकू सांगते. शेवटपर्यंत तशीच.

चौकशी झाली. फोनची तार कापून सात महिने झाले होते. मामाने किती जीव तोडून सांगितलं, की या वेळी मी खरंच बोललो. सगळे खाली बघत बसले. ही नोंद खोटी, मग आधीचीही खोटीच. पट्टीकाकांच्या नावावरचा डाग पुसला गेला. मामाची नोकरी गेली, शिक्षा झाली, ती भोगून तो परत आला. त्याने केलेली खोटी नोंद पहिल्याच दिवशी सगळ्यांना पटली होती. खरी आजतागायत कोणाला पटलेली नाही.

काकू अजून येते. मामाला एकच प्रश्न विचारते. "साहेब, आवाज कसा होता?" आता त्याच्याकडे खरं उत्तर आहे. ते ऐकून ती उठते आणि निघून जाते. चहाला हात लावत नाही.

तो काळा फोन मामाने भंगारातून मागून घरी आणलाय. मी तो उघडून पाहिलाय. आत गंज आहे, एक मेलेलं झुरळ आहे, आणि तार कशालाही जोडलेली नाही.

गेल्या महिन्यात मी मामाकडे गेले होते. गप्पा मारता मारता त्याने घड्याळ पाहिलं, फोन उचलला आणि माझ्या कानाला लावला.

"तू ऐक. मला हल्ली नीट ऐकू येत नाही."

त्याचं मन राखायला मी फोन कानाला धरला.

आधी काहीच नाही…

मग लांबून पाण्याचा आवाज…

आणि त्यात मामी. वर्गात शिकवायची त्याच शांत आवाजात.

"चार वाजून गेले. अजून भोंगा झाला नाही."

 मामा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"काय म्हणताहेत? पात्र रिकामं आहे ना?"

मी फोन खाली ठेवला.

"हो," मी म्हणाले. "रिकामं."

मामाने मान हलवली. उशाखालून एक वही काढली, वेळ टाकली, ती ओळ लिहिली. आणि पुढे, कोणाशी बोलणं झालं त्या जागी, माझं नाव घातलं.

त्या दिवसापासून दुपारी चार ते साडेचार मी कोणाचाही फोन उचलत नाही.

पण घंटा वाजते.