तीनाचा दगड

सोमवारी दुपारी चारपर्यंत दोन स्क्रीन लावून दाखव, नाहीतर एक तारखेपासून मुंबईच्या ऑफिसात येऊन बस, असं कंपनीने दीप्तीला कळवलं होतं. विम्याचे कागद तपासायचं काम. एका स्क्रीनवर कागद, दुसऱ्यावर फॉर्म. पोलादपुरात बसून माणूस काम करतो, झोपा काढत नाही, हे एसीत बसलेल्यांना पटत नाही. त्यांना पुरावा लागतो. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेल्या जानकीबाईला, दीप्तीच्या आईला, उचलून मोरीपर्यंत नेणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. ते लिहायला कंपनीच्या फॉर्मात रकाना नव्हता.

जुना मॉनिटर तिने नात्याच्या एका शिक्षकाकडून आणला. लॅपटॉपचं एचडीएमआयचं तोंड मेलेलं, म्हणून महाडहून यूएसबीला लावायचा अ‍ॅडॅप्टर घेतला. काड्यापेटीएवढी काळी डबी, हिरवा दिवा. दुकानदार म्हणाला, "ताई, लावा आणि विसरा."

लावला. मॉनिटरवर सहाशे चाळीस बाय चारशे ऐंशी. अक्षरं ओल्या भाकरीसारखी फुगलेली. त्याच्या वरचं रिझोल्यूशन यादीतच नाही. तिने ड्रायव्हर काढून नवा टाकला, केबल बदलली, पोर्ट बदलला. बाहेर ट्रक कशेडी घाटाच्या चढाआधी गिअर बदलत होते. सोमवारचे दुपारचे दोन वाजले, मग तीन.

तेव्हा सेटिंगमध्ये तीन चौकोन दिसले. लॅपटॉप एक, मॉनिटर दोन. हा तिसरा कुठला? ड्रायव्हरचा घोळ, दुसरं काय. कुठला स्क्रीन कुठला ते ओळखायचं बटण तिने दाबलं. लॅपटॉपवर मोठा १ उमटला, मॉनिटरवर २.

"दीप्ते," चाकांच्या खुर्चीतनं आई म्हणाली. तिचं तोंड पांढऱ्या भिंतीकडे होतं. "तीनाचा दगड कुनी रवला गो हितं?"

जानकीबाई शाळेत गेली नव्हती. आकडे तेवढे ती कशेडीत खडी वाहताना रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांवरून शिकली होती.

"आये, झोप जरा. हितं माझी नोकरी चाल्लीय, आणि तुझा दगड!"

"मी काय तुझ्या नोकरीवर बसल्ये?"

तिसऱ्या चौकोनावर टिचकी मारली तशी यादी उघडली. तिच्यात एकोणीसशे वीस बाय एक हजार ऐंशी होतं. दीप्तीने ते निवडलं. बदलला तिसरा, तरी मॉनिटरच क्षणभर काळा झाला आणि लख्ख उजळला. पण 'हे बदल ठेवायचे का?' असं विचारणारी चौकट कुठेच दिसेना. माउसचा बाणही दिसेना. पंधरा सेकंदांत उत्तर दिलं नाही की सगळं आपोआप मागे जातं. गेलं. पुन्हा ओली भाकरी.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा एंटर मारून पाहिलं, तर सगळं लगेच मागे.

"साफ दिसलं गो आता," आई म्हणाली. आवाजात हसू होतं. "मगाशी धुरकट व्हतं. कशेडीचा जुना रस्ता. कुशाबा मुकादम हाय, कमळा हाय. आनि ती घमेलंवाली... ती मीच की! काय झराझरा चालत्ये बघ. अगो, गेलं. परत लाव."

खोलीत गरम डांबराचा वास आला. रस्त्याचं काम काढलं असेल कुठेतरी.

पावणेचारला ऑफिसातल्या सेजलचा मेसेज आला. 'आमोद सर आत्ताच बघणार. झालं का?'

दीप्तीने चौथ्यांदा निवडलं. लख्ख.

"बारका बाण माझ्याकडं आलाय," आई म्हणाली. "दोन खोकी हायत. लिवलंय काय ते मला कुठं येतंय! दाबू?"

दीप्ती सेकंद मोजू लागली. ती वळली नाही. वळायला वेळ नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. पाच. सहा.

"डावीकडचं दाब."

"डावं म्हंजे?"

"आता जेवतेस त्या हाताचं."

"मग मला उठावं लागंल गो."

दहा. अकरा.

"ऊठ," दीप्ती म्हणाली.

मागे खुर्चीची चाकं किंचित कुरकुरली.

चौदा. पंधरा. सोळा.

मॉनिटर लख्खच राहिला.

आमोद सर कॉलवर म्हणाले, "परफेक्ट. घरूनच करा." ती "थँक्यू सर" म्हणाली, कॅमेरा बंद केला, आणि मग वळली.

खुर्ची रिकामी होती. गादी अजून ऊबदार. दाराला आतून वरची कडी, दोन वर्षांत जिथे आईचा हात पोचला नव्हता. दीप्तीने भिंतीवर तळहात ठेवला. उन्हातल्या डांबरासारखी भिंत तापली होती.

शोधाशोध झाली. "चालता येत नव्हतं ना? मग गेली कशी?" हवालदाराने विचारलं आणि दीप्तीकडेच बघत राहिला. तिने अ‍ॅडॅप्टर काढला नाही. लॅपटॉपही बंद केला नाही.

बुधवारी पहाटे गेलेली वीज सकाळ सरत आली तरी आली नव्हती. मॉनिटर काळा. लॅपटॉप तेवढा चालू. माउस टेबलाच्या पार टोकाला होता, तिचे हात मांडीवर.

स्क्रीनच्या कडेतून बाण आत आला. अडखळत, थांबत, नवशिक्याने चालवावा तसा. खाली कोपऱ्यात बॅटरीपाशी नऊ टक्क्यांचा आकडा होता. बाण त्याच्याभोवती गोल फिरू लागला.

आठ झाला, तसा भरभर.