गुरुवारचं तेल

पाळणा पोचवायचा, एवढंच काम होतं.

कंदील जरा अलीकडे ओढ. रॉकेलचा वास मला चालतो, खायच्या तेलाचा नाही चालत. का ते सांगते.

आमच्यात लेकीच्या पहिल्या बाळाचा पाळणा तिच्या आईनं न्यायचा असतो. माझी आयझिरेक बाळंतपणाला माझ्याकडे आली होती, आणि तिचं सासर घाटापलीकडे, कारा-झारला. समारंभ दुसऱ्या दिवशी. टॅक्सीवाला म्हणाला, "सोनुनताई, पाळणा मावायचा नाही, आणि असल्या धुक्यात मी घाट चढत नाही."

मला तेच हवं होतं म्हणा. बाबांची गाडी दारात उभी होती ना! सोव्हिएत जमान्यातली, वयानं माझ्याहून मोठी, नाकावर उडी मारणारं चकचकीत हरीण. माझ्या विहीणबाई तुरसुनाय दुसऱ्यांच्या घरचे चमचे मोजणाऱ्यातल्या. त्यांच्या अंगणात त्या गाडीतून उतरायचं, एवढीच हौस. माझ्याकडे मिरवण्यासारखं दुसरं काय उरलंय? दोन सोन्याचे दात आणि दुखरी ढोपरं.

पाळणा टपावर बांधला. शेजारीण सांगून गेली, "घट्ट बांध गं. रिकामा पाळणा हलू नये." डिक्कीत बोरसोकांचं घमेलं, म्हणजे पिठाचे तळलेले फुगीर तुकडे, आणि दुसऱ्या दिवशीच्या तळणासाठी तेलाचा डबा. आयझिरेक मागे, मांडीवर बाळ. खरं तर चाळीस दिवस व्हायच्या आत बाळाला उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. त्या दिवसांत ते अजून पुरतं आपलं झालेलं नसतं, असं म्हणतात. पण विहीणबाईंनी पाहुणे बोलावून ठेवलेले.

दुपारी निघालो. घाटात धुकं असं, की समोर पसरलेलं नाही, अंगावर आलेलं. काच पुसावी तर लगेच परत पांढरी, जणू कुणी तोंड लावून फुंकतंय. खिंडीच्या अगदी माथ्यावर गाडीनं दोन आचके दिले, शिंकली आणि बंद पडली.

"झालं," मागून आयझिरेक म्हणाली. "मिरवलीस?"

"गप गं. म्हातारी दम खातेय."

"आई, इथं थांबायचं नाही. माणसं गेलीयेत इथं बर्फाखाली. काहींचा तर पत्तासुद्धा लागला नाही."

"म्हणून तर पार्किंगला जागा आहे."

सेल्फ मारला. इंजिन फिरत होतं, पण सुरू होईना. म्हणजे बॅटरी ठीक. बॉनेट उघडलं, पंपाची दांडी हातानं हापसली, तर पेट्रोलही येत होतं. मग आयझिरेकनं बाळाला दुलईत गुंडाळून मागच्या सीटवर निजवलं आणि स्टिअरिंगवर येऊन बसली. मी प्लग काढला, वायर लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला.

"मार सेल्फ!"

ठिणगी नाही.

बाबा म्हणायचे, पेट्रोल आहे आणि ठिणगी नाही, तर टोपी उघड. डिस्ट्रिब्युटरची काळी टोपी काढली. आतले ठिणगीचे पॉइंट जळलेले. पर्समध्ये नखं घासायची कानस होती, जन्मात पहिल्यांदा ती कामाला आली. पॉइंट घासले, तरी ठिणगी नाही. टोपी उजेडात धरली तेव्हा कळलं. आत पाण्याचे बारीक थेंब. सगळं धुकं तिथं जाऊन बसलेलं.

पुसायला कोरडं काही नव्हतं. माझा रुमाल चिंब, बाळाचे लंगोट सादळलेले. टोपी शेकायला हवी होती. इंजिनापाशी पेट्रोल पेटवायचं नाही, हे बाबांनी कान पिळून शिकवलेलं. मग डिक्कीतला डबा आठवला. त्याच्या झाकणात तेल ओतलं, डब्याला गुंडाळलेल्या तेलकट चिंधीची वात केली, चाकाच्या आडोशाला पेटवली आणि वर टोपी धरून पोळीसारखी शेकायला लागले.

तळणाचा वास सुटला. खमंग, सणाच्या घरासारखा.

काच खाली झाली. "आई... आज गुरुवार आहे."

"मग?"

"कुणाच्या नावानं करतेयस?"

आता हे तुला माहीत असायला हवं. गुरुवारी आम्ही तेल तापवतो ते घरच्या गेलेल्या माणसांसाठी. त्यांना वास पोचतो, तेच त्यांचं जेवण. पण वास सोडताना नाव घ्यायचं, आईबापाचं, आजीआजोबांचं. बिननावी वास कुणी सोडत नाही.

आणि मी? माझी जीभ कधी जागेवर राहिलीय? धुक्याकडे तोंड करून म्हणाले, "ज्याला भूक असेल त्यानं यावं! पण आधी गाडीला हात लावा, मग जेवण. फुकट नाही मिळायचं!"

आयझिरेक हसली नाही.

वारा थांबला. एकदम, दार लावल्यासारखा. वातीची ज्योत ताठ उभी राहिली, आणि तिचा काळा धूर वर जाईना. जमिनीलगत सरकत तो गाडीमागे निघाला, कुणी ओढून घ्यावा तसा. मागं धुक्यात बर्फ करकरला. एकदा. मग पुष्कळदा.

"आई, पाळणा कोण हलवतंय?"

टपावर किर्र... किर्र... चाललेलं.

"वारा आहे गं."

"वारा नाहीये, आई."

मी टोपी बसवली. क्लिपा कशाबशा लावल्या. आयझिरेकनं सेल्फ मारला, पण एवढ्या वेळात बॅटरी उतरलेली. नुसती टकटक. मग लोखंडी हँडल काढलं, पुढून भोकात घातलं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर हँडल उलटं फिरलं की मोडतो. अर्धा फेरा मारला.

हँडल उलटं फिरलं.

मला हँडलचे झटके माहीत आहेत. झटका बंदुकीसारखा असतो. हा झटका नव्हता. कुणीतरी हळूच, मुद्दाम, माझ्या हातातून हँडल परत घेत होतं. मी जोर लावला की पलीकडूनही तेवढाच. आणि मग बंपर माझ्या ढोपरांना लागला.

"ब्रेक दाब!"

"दाबलाय!" आयझिरेक किंचाळली. "आई, दाबलाय मी!"

चाकं फिरत नव्हती. बर्फावरून गाडी तशीच घसरत पुढं येत होती, आणि माझ्या मागं उतार, उताराच्या कडेला दरी. मी बाजूला अंग टाकलं. गाडी मला घासून गेली तेव्हा मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं. पण गाडीची मागची बाजू दबली होती, खूपजण एकदम रेटतात तशी.

आणि आत माझं नातवंड.

लोकांना अशा वेळी देव आठवतो, मला बाबा आठवले. ढकलणारा मिळालाय ना, मग ढकलू दे. "क्लच दाब! दुसरा गिअर टाक! ब्रेक सोड!"

"सोडू?"

"सोड! आता क्लच सोड!"

गाडी उसळली, खोकली, आणि इंजिन सुरू झालं. मी ढोपरं विसरून पळाले. आयझिरेकनं वेग कमी केला तशी दार उघडून मागच्या सीटवर पडले. बाळाला छातीशी घेतलं. ते रडत नव्हतं. टपाकडे टक लावून पाहत होतं. वरती किर्र... किर्र... आणि त्या तालावर त्याचे ओठ हलत होते.

घाट उतरून कारा-झारला पोचलो.

विहीणबाई अंगणातच उभ्या. "आलात? मला वाटलं, गाडी संग्रहालयात जमा करून चालत येताय."

जावई पाळणा सोडायला मागं गेला आणि म्हणाला, "बरीच माणसं मिळाली वाटतं ढकलायला?" डिक्कीवर तेलकट पंजे उमटलेले. एकावर एक, मागच्या काचेवरून थेट टपापर्यंत.

तेवढ्यात विहीणबाईंनी बाळ घेतलं. आमच्याकडे मोठी माणसं बाळाच्या कपाळाला नाक लावून खोल वास घेतात. तीच आमची पापी. त्यांनी वास घेतला, मान वर केली. चेहऱ्यावरचा खवचटपणा गेला होता.

"सोनुन... याला तळणाचा वास का येतोय गं?"

गाडी त्यानंतर सुरू झाली नाही. पॉइंट बदलले, कॉइल बदलली. ठिणगी येते, पेट्रोल येतं, इंजिन सुरू होत नाही. विहीणबाईंच्या फाटकापाशीच उभी करून ठेवली. पोराला कितीही न्हाऊ घाला, गुरुवार आला की त्याचं डोकं तापल्या तेलासारखं घमघमतं. आणि शुक्रवारी सकाळी गाडी फाटकापासून थोडी लांब असते. घराच्या थोडी जवळ. आम्ही चाकं काढली, विटांवर चढवली. तरी.

दर गुरुवारी मी तेल तापवते, माहीत असलेलं प्रत्येक नाव घेते. पण खिंडीतल्या त्या माणसांची नावं मी कुठून आणू? मी शब्द दिला होता, आधी हात लावा, मग जेवण. त्यांनी हात लावला.

आज सकाळी विहीणबाईंचा फोन आला. नाकावरचं ते हरीण आता पोराच्या खोलीच्या काचेला टेकलंय. पोरगं आता बोलायला लागलंय. त्या आत गेल्या तेव्हा ते खिडकीशी उभं होतं, हातातला बोरसोक काचेला लावून. विहीणबाईंना बघून तक्रार केल्यासारखं म्हणालं, "आजी, त्यांना हे नकोय."