तळ्यावर सुटलेली बोट

हे कुणाकडून ऐकलेलं नाही. मी स्वतः त्या धक्क्यावर उभी होते आणि बोटीत माझा सख्खा भाऊ होता. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

मागच्या हिवाळ्यातली संध्याकाळ होती.

शहराबाहेर जुन्या दगडखाणीच्या जागी मोठं उद्यान होत होतं. टेनिस कोर्ट झालं, चालायला ट्रॅक झाला, झोपाळे बसले. खाणीच्या खड्ड्यात पाणी साठून तळं झालेलंच होतं. त्यावर पायडलबोटी सुरू होणार होत्या. ते काम दादाकडे होतं.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन.

मी ऑफिसातून परस्पर त्याला घ्यायला गेले. वहिनी जेवायला खोळंबली होती.

"दोन मिनिटं, ठमे. बोटी बांधतो की निघालो."

दादाची दोन मिनिटं म्हणजे काय, ते आम्हा घरच्यांना ठाऊक.

मजूर निघून गेले होते. अंधारून आलं. पाण्यावर धुकं उतरलं.

तेवढ्यात...

चप्प. चप्प. चप्प.

तळ्याच्या मध्यावर कुणीतरी पायडल मारत होतं.

दादाने बोटींवरून नजर फिरवली. एक कमी होती.

"सुटली असेल," तो म्हणाला.

"सुटलेली बोट आपली आपण पायडल मारते का रे?"

 त्याने जाकीट चढवलं, दुसरी बोट सोडली.

"उद्या माणसं यायचीत. आत्ताच आणायला हवी. तू इथेच थांब."

बोट दोघांची. एकटा माणूस बसला की त्याच्या बाजूला कलते. तशीच कलत ती धुक्यात शिरली... आणि दिसेनाशी झाली.

मग तो चप्प चप्प आवाज थांबला.

दादाच्या पायडलचाही.

"दादा?"



आणि मग त्याचा आवाज आला. शांत. रोजच्यासारखा.

"हो गं ठमे, चाललोय ना पुढे."

"पुढे नको. परत ये," मी ओरडले.

"इतकं खोल आहे इथे? बरं."

 खोलाबिलाचं मी काहीच बोलले नव्हते. तो माझ्याशीच बोलत होता... पण माझ्या बोलण्याला ती उत्तरं नव्हती.

मध्येच तो हसला. मग नुसतं "हं... हं..." करत राहिला. कुणाचं तरी ऐकत असल्यासारखा.

मग हळूच म्हणाला, "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

मी घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. त्याला ऐकूच जात नव्हतं. शेवटी धावत गाडीपाशी गेले आणि हॉर्न दाबून धरला. किती वेळ, देव जाणे.

पाणी हललं.

बोट धुक्यातून बाहेर आली. दादा एकटाच होता.

पण बोट कलली नव्हती... पाटासारखी सरळ होती.

धक्क्याला लागली. दादा उतरला.

आणि बोट रिकाम्या सीटच्या बाजूला कलली. कललेलीच राहिली.

दादाने त्या सीटकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"तू कधी उतरलीस?"

मी त्याचा दंड धरला आणि ओढतच गाडीत नेलं. मागे वळून पाहिलं नाही.

सकाळी दादा तळ्यावर गेला, तर सगळ्या बोटी जागेवर होत्या. नीट बांधलेल्या. उद्घाटन झालं, फोटो निघाले. महिन्याभरात त्याने ते काम सोडलं. कुणी विचारलं तर कंबर दुखते म्हणतो.

आम्ही तो विषय काढत नाही. पण गेल्या महिन्यात मी त्याच्याकडून निघताना त्याने मला फाटकापाशी थांबवलं.

"ठमे, बोटीत तू मला स्वतःबद्दल जे सांगितलंस... ते खरं नाही ना?"

"मी बोटीत नव्हते, दादा."

"माहितीये. तरी सांग."

काय सांगितलं होतं, ते विचारायचा मला धीर झाला नाही. खरं नाही, एवढंच म्हटलं.

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी फोन करतो. घरी पोचलीस का, विचारतो. मी हो म्हणते.

तो लगेच फोन ठेवत नाही... नुसता ऐकत राहतो.