शंकूवर लटकवलेला पट्टा

पहिल्याच भेटीत मी एल्डनला अडवलं. माझं कामच ते! तळ्याकाठच्या रस्त्यावर नवं डांबर पडत होतं, एकच बाजू खुली होती, आणि 'थांबा'चा फलक धरून मी भुरभुर पावसात उभी होते. एक पांढरी गाडी समोर आली. काच खाली झाली, हसरा चेहरा बाहेर आला.

"मी कामावरचाच आहे हं. सोड की!"

"सगळे असंच म्हणतात. थांब गुपचूप."

थांबला. वर त्याच्या आईनं रूबार्बचे आंबट देठ घालून केलेल्या केकचा तुकडा पुढे केला. मी घेतला नाही. गोड बोलणाऱ्यांपासून मी चार हात लांबच राहते.

तो खरंच कामावरचा निघाला. त्यानं सगळ्यांना दंडावर बांधायचे, छोटं यंत्र बसवलेले पट्टे वाटले. रस्त्यावरच्या नारिंगी शंकूंमध्येही तसलीच यंत्रं होती. गाडीनं शंकू उडवला, की सगळ्यांचे पट्टे थरथरणार... म्हणजे पळा! शिवाय प्रत्येक पट्टा एल्डनच्या टॅबवर ठिपका होऊन दिसणार.

"म्हणजे कोण कुठं उभं आहे, ते तुला कळणार?" मी विचारलं.

"कळायलाच हवं ना."

"आणि ऑफिसला?"

माझ्या दंडावर पट्टा बांधताना त्याची बोटं थबकली. "फार घट्ट नाही ना झाला?"

प्रश्न टाळला! माझ्या मनात पाल चुकचुकली. आधीच्या नोकरीत असाच एक गोडबोल्या होता. कोण किती वेळ सावलीत बसलं, ते तो साहेबाच्या कानावर घालायचा. माझी नोकरी त्याच्यामुळेच गेली. आता पुन्हा तेच झालं तर? आणि एल्डनकडून झालं तर? कारण तो मला आवडायला लागला होता... गोची तीच होती.

"काल बराच वेळ तळ्याकडे होतीस," एकदा तो म्हणाला. "बदकं बघत होतीस?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या ठिपक्यानं. चिडलीस की येरझाऱ्या घालतो बिचारा."

मी हसले. मग पट्ट्यावर बाही ओढून घेतली.

"तुझ्यावर लक्ष आहे हं त्याचं," रोलर चालवणारी इनेझ म्हणाली.

"ते दिसतंय गं. पण कुणासाठी, ते कळत नाहीये."

शेवटी मी ठरवलं, याची परीक्षाच घ्यायची. चहाच्या सुट्टीआधी पट्टा काढला आणि एका शंकूवर लटकवला. ठिपका जागचा हलणार नाही. 'ब्रिटा झोपा काढते का?' असा ऑफिसातून फोन आला, की समजायचं.

फोन आला नाही. गाडी आली. फोनमध्ये डोकं घातलेला कुणीतरी शंकूंच्या रांगेत घुसला. पहिला शंकू उडताच पट्टे थरथरले, सगळ्यांनी चरात उड्या टाकल्या. मी मात्र रस्त्याकडे पाठ करून पाणी पीत होते... दंड मोकळा! इनेझनं जाकीट धरून मला खेचलं. मी उभी होते तिथूनच ती गाडी सरळ गेली आणि पुढे माझा शंकू चाकाखाली घेऊन थांबली.

एल्डन धावत आला. माझ्याकडे नाही, गाडीकडे. चिखलात गुडघे टेकून तो गाडीखाली हात घालत होता आणि हाका मारत होता, "ब्रिटा! अगं ब्रिटा!"

"अरे, मी इथं आहे!"

त्यानं वळून पाहिलं आणि तिथेच मटकन बसला. "तुझा ठिपका... गाडीखाली..."

"तू ऑफिसला चुगल्या करतोस का, ते बघत होते." मी मोकळा दंड दाखवला.

"ऑफिसला नुसते शंकू दिसतात. माझ्या ठिपक्यांवरही नावं नाहीत."

"मग माझा कुठला, ते तुला कसं कळतं?"

त्याचे कान लाल झाले. "तुझा पट्टा मी पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवलाय. दिवसभर तुलाच शोधत असतो... चुकलंच माझं. तुला विचारायला हवं होतं."

"मग ऑफिसचं विचारलं, तेव्हा उत्तर का टाळलंस?"

"तुझ्या दंडावर माझी बोटं होती गं... प्रश्न ऐकूच आला नाही."

मला राग आला, रडू आलं, आणि मेलं हसूही आलं. तो मला हवा होता. पण संशय असा एका दिवसात जातो होय?

"एक पट्टा तूही बांध," मी म्हटलं. "आणि टॅब इकडे दे. आता मी बघणार."

संध्याकाळी मी त्याच्या गाडीत बसले, टॅब मांडीवर. उडालेले शंकू उचलत त्याचा ठिपका लांब गेला... रेंगाळला... आणि मग सरळ माझ्या दिशेनं निघाला. मी ठिपक्यावर विसंबले नाही. काच पुसून बाहेर बघितलं. पावसात भिजत तो खरंच येत होता.

मी दार उघडून ठेवलं.