जुन्या पिस्तुलाची नळी

लाम्बेर मास्तर खासगी गुप्तहेर ओदिल रेन्सोनच्या कचेरीत शिरले, तेव्हा तिचा मदतनीस गास्पार वाफल खात होता. पिस्तुलांच्या कारखान्यात चाळीस वर्षं कानस चालवलेले हे कारागीर आज टोपी न काढताच बोलू लागले. बेल्जियममधलं अख्खं लिएज शहर त्यांना मास्तर म्हणे.

त्यांची तक्रार अशी. कारखान्याने आपलं जुनं नावाजलेलं पिस्तूल नव्याने काढलं होतं. जुनं सरस की नवं, याची आज सकाळी चाचणी झाली. जुनं हरलं तर कानसकामाच्या खोलीला कुलूप, आणि मास्तरांचे नऊ शिष्य घरी. मास्तरांनी स्वतः घडवलेल्या जुन्या पिस्तुलाने गोळ्या वाटेल तिथे फेकल्या. नंतर उघडून पाहिलं, तर नळीवर भलताच क्रमांक. कुणीतरी नळी बदलली होती.

“पिस्तुलाची पेटी उघडली तेव्हाच खटकलं होतं,” मास्तर म्हणाले. “गोळ्यांचं मॅगझिन मी कायम पेटीतल्या बाजूच्या खाचेत ठेवतो. आज ते पिस्तुलात होतं. वाटलं, म्हातारपणी विसरलो असेन.”

पेटीजवळ तिघेच गेले होते. नवं पिस्तूल यंत्रावर काढणारा इंजिनियर हेर्मान, चाचणीचा नेमबाज बास्तियाँ, आणि नव्या पिस्तुलाचा सल्लागार नोएल.

“नोएलला सोडा, बाई. तीस वर्षं एका बाकावर काम केलंय आम्ही. त्याच्या लग्नात साक्षीदार होतो मी.”

ओदिलने कारखान्यात तिघांना एकेक करून बोलावलं आणि प्रत्येकाला एकच काम दिलं. रिकामं जुनं पिस्तूल उघडायचं, जोडायचं, पेटीत ठेवायचं.

हेर्मानने ते पटकन जोडलं. चाप ओढला, पण घोडा पडेना. “अडकलंय. आमच्या नव्यात ही कटकट नाही,” म्हणत त्याने ते तसंच ठेवलं. बास्तियाँने हातच वर केले. आपल्याला नेम धरता येतो, खोलता येत नाही, म्हणाला. नोएलने पाव मिनिटात जोडलं, मॅगझिन सरकवलं, चाप ओढून घोडा पाडला आणि पेटी मिटली.

“इंजिनियरच असणार,” गास्पार कुजबुजला. “किती घाईत होता.”

ओदिलने सगळ्यांना परत बोलावलं. “मॅगझिन आत नसेल तर जुन्याचा घोडा पडत नाही. नव्यातून ती सोय काढलीय, म्हणून हेर्मानला वाटलं अडकलंय. बास्तियाँला तर खोलताच येत नाही. नळी बदलून जोडल्यावर घोडा पाडायला मॅगझिन बसवणारा हात जुन्या बाकावरचाच. मास्तरांच्या पेटीत ते बसवलेलंच सापडलं होतं. आता पेटी उघडा.”

मॅगझिन पिस्तुलातच होतं.

नोएलने खिशातून खरी नळी काढून टेबलावर ठेवली.

“का रे?” मास्तरांनी विचारलं.

“तीस वर्षं सगळे तुझाच हात वाखाणत आले. हे नवं पिस्तूल माझं होतं, लाम्बेर. एकदा तरी मला जिंकायचं होतं.”

गास्पारला भयंकर वाईट वाटलं. मास्तर रडले असते तर बरं झालं असतं.

खरी नळी घालून दुपारी पुन्हा चाचणी झाली. दोन्ही पिस्तुलांच्या दहाच्या दहा गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. जुनं हरलं नाही, खोली वाचली. शिष्यांनी टाळ्या वाजवल्या.

मास्तरांनी दोन्ही निशाण्यांवरची भोकं बोटाने चाचपली.

“तुझं काम माझ्या तोडीचं आहे, नोएल. सकाळी सरळ बरोबरी झाली असती, तर गावभर मीच सांगत फिरलो असतो,” ते म्हणाले. “आता कुणालाही सांगणार नाही.”