अकराव्या रिळाची शांतता

हे खरं घडलंय.

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. कोणाला पटवत बसायची मला हौस नाही. पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही, आणि जिच्या बाबतीत हे झालं ती माझी सख्खी वहिनी आहे. रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा पिते.

आणि हो, असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर हे जरूर वाचा. तेव्हा दुपारचे सव्वातीन झाले होते. मंगळवार होता. खाली रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवून डोकं उठवत होतं.

आधी वहिनीबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

ती लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा तिला आपली भाषा धड येत नव्हती. भाषा तिचीच, पण ती साडेतीन वर्षांची असताना आई गेली. वडिलांनी लांबच्या शहरात बदली मागून घेतली आणि घरात तिथलीच भाषा सुरू केली. आईचा एक फोटो होता, कुठल्याशा स्टुडिओच्या फाटकात उभी असलेली. बाकी आईबद्दल घरात अवाक्षर निघायचं नाही. वहिनीने विचारलं की वडील एकच म्हणायचे, "जुनं कशाला उकरतेस?"

भाषा ती शिकली सिनेमे बघून.

दुपारी आम्ही दोघी बसायचो. जुने, काळेपांढरे, आपल्या भाषेतले सिनेमे. मी अर्थ सांगायचे, ती वहीत लिहून घ्यायची. त्यामुळे तिचं बोलणं झालं चाळीस वर्षं जुनं. दादा कामाला निघाला की ही दारात उभी राहून विचारायची, "स्वारी कुठे निघाली?" दादा कपाळाला हात लावायचा. आमची हसून मुरकुंडी वळायची.

पण एकदा एका सिनेमात एक आई मुलाला रागावत होती. साधंच, अंगणात खेळतोस आणि पाय न धुता आत येतोस वगैरे. मी बघते तर वहिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"ताई, मला हे सगळं कळलं," ती म्हणाली. "एकही शब्द विचारावा लागला नाही. हे मला येत होतं. मी विसरले होते."

त्या दिवसापासून तिने मनाशी एक ठरवून टाकलं. आई स्टुडिओत होती. म्हणजे ती सिनेमात आवाज द्यायचं काम करत असणार. म्हणजे कुठल्यातरी सिनेमात तिचा आवाज असणार.

तिला तो आवाज हवा होता. एवढंच. आयुष्यात दुसरं काही तिने इतक्या पोटतिडकीने मागितलेलं मला आठवत नाही.

म्हणून तर तिने ती नोकरी धरली.

एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या. तिथे जुन्या सिनेमांची रिळं यायची. ती साफ करायची, नवी प्रत काढायची आणि पडद्याखाली येणारी वाक्यं लिहायची. डबे उघडले की आंबट वास सुटायचा, वहिनीच्या कपड्यांनाही तो यायचा. वाक्यं लिहायचं काम तिचं. कानाला हेडफोन लावायचा, चित्र बंद ठेवायचं आणि जे जे ऐकू येईल ते सगळं वेळेसकट लिहायचं. मग ते तपासायचे आवाजवाले काका. चाळीस वर्षं याच धंद्यातले, तोंडाने फटकळ, कानाने पक्के.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. त्या काळी संवाद मागाहून बंद खोलीत बोलून घ्यायचे. काम संपलं की सगळ्यांनी श्वास रोखून गप्प उभं राहायचं आणि अर्धा मिनिट त्या खोलीची शांतता भरून घ्यायची. का, तर दोन वाक्यांच्या मधे नुसती पोकळी राहिली की कानाला खटकते. मग त्या शांततेचे तुकडे कापून मधे मधे चिकटवायचे. उरलेली शांतता आवाजाच्या रिळाच्या शेवटी तशीच राहायची.

या कामात एक नियम आहे.

शांतता आली की आवाज वाढवायचा नाही. "शांतता" असं लिहायचं आणि पुढे जायचं.

हा नियम तिथे सगळ्यांच्या इतका अंगवळणी पडलेला होता, की नव्या माणसाला सांगायचं राहूनच गेलं. वहिनीला सांगितलं होतं, ऐकू येईल ते सगळं लिहायचं. ती बिचारी शब्दाला जागणारी. पहिल्या दोन रिळांना शेवटी शांतता उरलीच नव्हती. तिसऱ्या रिळाच्या शेवटी शांतता आली…

तिने आवाज वाढवला.

आधी नुसती घरघर. मग खुर्ची करकरल्यासारखं काहीतरी. मग…

अगदी कानाजवळ, बाईचा आवाज.

"आलीस?"

वहिनीने प्रामाणिकपणे वेळ टाकून ते लिहिलं. काकांनी तपासलं आणि कागद तिच्यापुढे टाकला.

"हे कुठून आणलंस? इथे काही नाहीये."

"होतं काका. बाई बोलली."

काकांनी पुन्हा लावलं. तिनेही ऐकलं. नुसती घरघर.

"तू आवाज वाढवला होतास?"

"हो."

"पुन्हा करू नकोस."

"का पण?"

"मला माझ्या मास्तरांनी सांगितलं, मी तुला सांगतो. का ते मीही विचारलं नव्हतं."

आता असं सांगितल्यावर कोण ऐकणार? चौथ्या रिळाला तिने दार लावून घेतलं.

घरघर… करकर…

"केस किती वाढलेत गं बाळ तुझे."

तिचा हात आपोआप केसांकडे गेला. त्या आवाजात इतकी माया होती, की तिला भीतीच वाटली नाही. मला तिने हेच सांगितलं. भीती वाटायला हवी होती ताई, पण वाटली नाही.

रीळ मागे नेऊन लावलं तर पुन्हा काही नाही. एका रिळाला एकदाच. अर्धा मिनिट.

पाचव्याला तिनेच हळूच विचारलं, "आई?"

थोडा वेळ काहीच नाही. मग…

"बोल बाळ."

चाळीस वर्षांपूर्वी भरलेलं रीळ. आणि ते तिला उत्तर देत होतं.

सिनेमाची रिळं होती एकूण अकरा. म्हणजे आई होती फक्त तेवढीच. वहिनी काम लांबवायला लागली. डोकं दुखतंय म्हणायची, आज मशीन नीट चालत नाही म्हणायची, आणि एकेक रीळ पुरवून पुरवून लावायची.

घरी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही उलट खूश. तिच्या बोलण्यातला सिनेमा गेला होता. सरळ, स्वच्छ बोलायला लागली होती. मधेच असे शब्द वापरायची जे मीसुद्धा लहानपणानंतर ऐकले नव्हते. मी थट्टेत म्हटलं, "वहिनी, आता तुम्हीच मला शिकवा."

ती हसली. पण तिचा आवाज बदलला होता… हळू, गोड, कानाशी लागून बोलल्यासारखा. माझ्या भाचीला, म्हणजे तिच्या चार वर्षांच्या मुलीला, ती त्याच आवाजात झोपवायची. आणि ती एरवी घर डोक्यावर घेणारी पोरगी पापणीही न हलवता ऐकत राहायची.

मला ते बघवेना. का, ते सांगता आलं नसतं.

शेवटी मीच तिला खोदून खोदून विचारलं, आणि तिने सगळं सांगितलं. तोवर दहा रिळं झाली होती.

दादा म्हणाला, कामाचा ताण आहे, होईल ठीक. मी गुपचूप तिच्या वडिलांना फोन केला. वाटलं, हा माणूस नेहमीसारखा टाळेल. पण आईच्या आवाजाचं ऐकल्याबरोबर त्यांनी मला मधेच तोडलं.

"आवाज?" ते म्हणाले. "उद्याच येतो मी."

तर तो मंगळवार. सव्वातीन. मी त्यांना घेऊन छापखान्यामागचा जिना चढले. वहिनी अकरावं रीळ चढवत होती. काका दारात उभे होते.

"बाबा? तुम्ही इथे?"

ते स्टुलावर बसले. खूप थकलेले दिसत होते.

"कोणाचा आवाज ऐकतेस तू?"

"आईचा. तुम्ही कधी सांगितलं नाहीत, पण मी शोधला."

"तुझी आई बोलत नव्हती गं," ते म्हणाले. "जन्मापासून मुकी होती. ऐकू यायचं तिला, बोलता यायचं नाही. तिने तुला आयुष्यात एकदाही हाक मारली नाही."

"स्टुडिओत ती रिळं जोडायची. शांततेचे तुकडे कापून चिकटवायची. इतका बारीक हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. ती गेल्यावर शेजारची पोरं तुला मुकीची मुलगी म्हणून चिडवायला लागली. मला सहन झालं नाही. लांब गेलो. आणि मग तुला सांगायचा धीरच झाला नाही."

वहिनीचा चेहरा मला बघवत नव्हता. ती रडत नव्हती. नुसती त्यांच्याकडे बघत होती.

"मग मला बाळ कोण म्हणतं?"

तेव्हा काकांनी ते केलं जे त्यांनी चाळीस वर्षांत केलं नव्हतं. हेडफोनची वायर काढली, मोठा स्पीकर जोडला, रीळ शेवटाला आणलं आणि स्वतःच्या हाताने आवाज वाढवला. आम्ही चौघांनी ऐकलं. मीही ऐकलं.

घरघर…

घरघर…

दहा सेकंद काहीच नाही. वहिनीचे ओठ हलत होते. मग ती पुटपुटली, "तू कोण आहेस?"

आणि आलं.

"आं… आं… आं…"

तो शब्द नव्हता. खरखरीत, घशातून ओढून काढलेला, कुरूप आवाज. त्याच्याबरोबर लाकडावर तळहात आपटल्याचा आवाज. पुन्हा पुन्हा. जीव खाऊन.

आणि त्याच्याखाली, हळू, गोड…

"तिचं ऐकू नकोस हं बाळ."

रीळ संपलं. मोकळं टोक मशीनवर फटफट आपटत राहिलं.

वहिनीचे वडील उठून उभे होते. त्यांनी स्पीकरवर हात ठेवला होता आणि ते लहान मुलासारखे रडत होते.

"ती," ते म्हणाले. "ती दुसरी कोण ते मला माहीत नाही. पण ही हात आपटणारी, ही तुझी आई. तू रांगायला लागलीस तेव्हा आपण वरच्या मजल्यावर राहायचो, जिन्याला कठडा नव्हता. तू कडेला गेलीस की ती असं करायची. हात आपटायची. तेवढ्यासाठीच. एरवी तिने कधी घशातून आवाज काढला नाही."

वहिनीने रीळ मागे नेलं. नुसती घरघर. पुन्हा नेलं. पुन्हा तेच. काकांनी हळूच तिचा हात धरला तेव्हा कुठे ती थांबली. जो आवाज तिला जन्मभर हवा होता तो तिला मिळाला होता, दहा सेकंद, आणि तो काय सांगत होता हे आता आम्हा सगळ्यांना कळलं होतं.

मग ती माझ्याकडे वळली. चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, मी तुम्हाला एक सांगितलं नाही. काल दहाव्या रिळात तिने विचारलं, घरी कोण कोण असतं."

"मग?"

"मी पोरीचं नाव सांगितलं. ती म्हणाली, तिला घेऊन ये." वहिनीने माझा हात घट्ट धरला. "मी हो म्हणाले."

नोकरी तिने त्याच दिवशी सोडली. रिळं मालकाकडे परत गेली. त्यांनी ती पुढे कोणाला दिली, मला ठाऊक नाही, आणि विचारायची इच्छाही नाही. त्या आवाजाकडून शिकलेले शब्द वहिनी आता बोलत नाही. बोलताना मधेच अडते, दुसरा शब्द शोधते. माझ्या मनाला ते फार लागतं. इतक्या कष्टाने मिळवलेली भाषा, आणि त्यातलं स्वतःचं किती, हे तिला कळत नाही.

भाचीचं नाव आम्ही बदललं. जुनं नाव मी इथे लिहिणार नाही. शेजाऱ्यांनाही ताकीद दिली आहे, ते नाव कोणी घ्यायचं नाही. चार महिने झाले, पोरगी नव्या नावाला चांगली रुळली आहे.

काल दुपारी ती माझ्याशेजारी बसून चित्र रंगवत होती. घरात आम्ही दोघीच. दादा कामावर, वहिनी बाजारात.

मी तिला हाक मारली नव्हती. कोणीच मारली नव्हती.

तिने खडू खाली ठेवला… मान वर केली… रिकाम्या दाराकडे बघितलं…

आणि "ओ" दिली.